बबनरावांचं पोट आणि आंदणाचा गुंड

"येत्या हनुमान जयंतीले हे पोट तुमाले दिसनार नाई, इवाई! शब्द हाय आपला!"

रिठदच्या बबनरावांनी हा शब्द दिला तो लेक लिलाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, भर मांडवात, डाव्या हातानं पोटावर थाप मारून. उजवा हात रिकामा नव्हता. त्यात बुंदीचा लाडू होता, आणि तो पहिला नव्हता. ज्यांना शब्द दिला ते इवाई, म्हणजे होणारे व्याही, किन्हीराजाचे पंजाबराव. पंजाबराव म्हणजे उन्हाळ्यात शेतात उभी राहिलेली कपाशीची पऱ्हाटी. अंगावर मांस नाही आणि जिभेला हाड नाही. मांडवात शिरल्या शिरल्या त्यांनी बबनरावांकडे वरून खाली पाहायला सुरुवात केली, मध्यावर आल्यावर जरा विसावा घेतला, आणि शेजारच्याला सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "साक्षगंध पोरीचं हाय, का बापाचं डोहायजेवन?"

मांडव हसला. भटजी हसले. बबनरावही हसले, कारण मुलीच्या बापानं अशा वेळी हसायचंच असतं. पण हसता हसता त्यांची नजर आतल्या दाराकडे गेली. दारात लिला उभी होती आणि ती हसत नव्हती. सासरी आपल्याला जन्मभर बापाच्या पोटावरून ऐकून घ्यावं लागणार, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. निदान बबनरावांना तसं वाटलं. म्हणून तो शब्द सुटला.

हनुमान जयंतीचाच वायदा का, त्यालाही कारण होतं. बबनराव लहान असताना मुदतीच्या तापानं पार खाटेला लागले होते. खाटेवर पोरगं आहे की नुसती वाकळ, हे हात लावून पाहावं लागे. तेव्हा त्यांच्या आईनं, गोजराबाईनं, मारुतीला नवस बोलला की माझा बबन्या उठू दे, त्याच्या भारंभार गूळ वाहीन. बबन्या उठला. तेव्हाच त्याला तराजूत बसवला असता तर गुळाच्या दोन भेल्यांत काम भागलं असतं. पण त्या वर्षी कपाशी बुडाली, पुढच्या वर्षी घरात बाळंतपण निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी चुलता वारला, आणि मग नवस जो मागे पडला तो पडलाच. नवस होता तिथंच राहिला. बबन्या मात्र राहिला नाही. त्याचा बबन झाला, बबनचे बबनराव झाले, आणि बबनरावांचं जे काय झालं ते सगळं रिठद पाहतच होतं. मारुती ब्रह्मचारी देव, त्याला व्याज लावता येत नाही असं लोक म्हणतात. पण त्यानं इथं मुद्दलच असं फुगवलं होतं की कोणत्याही सावकारानं त्याच्या पाया पडावं!

आता लिलाचं लग्न वैशाखात ठरलं आणि म्हातारी अडून बसली. देवाचं देणं ठेवून पोरीच्या अंगाला हळद लावायची नाही. हनुमान जयंतीला, पारावर, सगळ्या गावादेखत गुळाची तुला व्हायलाच हवी. आणि तुलेला पाहुण्यांना बोलावणं आलंच. म्हणजे ज्या दिवशी बबनराव गुळाच्या समोर टांगले जाणार, त्या दिवशी समोर पंजाबराव उभे!

शब्द देताना बबनरावांच्या डोक्यात कसलीही युक्ती नव्हती. ती त्यांना चार दिवसांनी भिवाजी गुरुजींकडे मिळाली.

भिवाजी गुरुजी शाळेत शिकवत आणि संध्याकाळी बुद्धविहाराशेजारच्या खोलीत वाचनालय चालवत. गावात गुरुजींच्या शब्दाला मान होता, फक्त गुरुजींना स्वतःला तो शब्द कधी पुरता पटत नसे. शिवाय छप्पन सालीच त्यांच्या घरानं सगळ्या देवांना रजा दिलेली असल्यामुळे, बबनरावांच्या गुळाच्या बाबतीत एवढा निःपक्षपाती माणूस रिठदात दुसरा नव्हता. त्यांनी एका मासिकातली चार ओळींची बातमी बबनरावांना वाचून दाखवली. फ्रान्सात की कुठे, डॉक्टर लोक पोटाला बारीकसं भोक पाडतात, त्यातून नळी घालतात आणि यंत्रानं चरबी ओढून काढतात.

"असं छापेल हाय," गुरुजी लगेच म्हणाले. "खरं किती, मले सांगता येत नाई. भाषांतर करनारा चुकला असन. मीच चुकीचं वाचून राह्यलो असन."

पण बबनरावांना पटलं होतं. पिंपातून डिझेल काढताना ते काय करत? रबरी नळीचं एक टोक पिंपात, एक तोंडात, एक जोराचा ओढा, की धार सुरू. मग इंजिन चालू आणि पाणी थेट कपाशीत. एवढी सोपी गोष्ट इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात कशी आली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी धोतर नेसलं, टोपी घातली आणि वाशीमची बस पकडली.

वाशीमचे डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांच्या दवाखान्यात लाकडी स्टूल होतं. त्यांनी बबनरावांकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं आणि त्यांना बाकावर बसायला सांगितलं. बबनरावांनी फ्रान्सपासून सगळं सांगितलं आणि वाटेत घोकून ठेवलेला प्रश्न विचारला, "तं डॉक्टरसाहेब, हे कराच्या आंदी मानसाले काय काय मालूम पायजे?"

"पहिलं म्हणजे, मी ते करत नाही," डॉक्टर म्हणाले. "वाशीमला कोणी करत नाही. मुंबईला तरी करतात की नाही, शंका आहे."

पण दुपारची वेळ होती, रोगी नव्हते, आणि डॉक्टरांनी त्याबद्दल कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी बबनरावांना आडवं केलं आणि पोट दाबत दाबत सांगायला लागले. ज्यांनी ही रीत काढली, तेही अजून चाचपडतच आहेत. रक्त फार जातं, आत पू होतो, टेबलावर चढलेला माणूस पायांनी उतरेलच असा भरवसा नाही. तंबाखू कितीतरी आठवडे आधी सोडावी लागते, नाहीतर जखम भरत नाही. चरबी निघाली तरी कातडी मागे राहते आणि रिकाम्या उशीच्या खोळीसारखी लोंबते. ती बसावी म्हणून नंतर बरेच दिवस पोटाला घट्ट पट्टा बांधून हिंडावं लागतं. त्यातही एक चरबी असते कातडीखाली आणि एक असते पार आत, आतड्यांच्या आसपास. नळी पोचते ती वरच्या चरबीपर्यंत. "तुमचं पोट पिकल्या टरबुजासारखं घट्ट वाजतंय," डॉक्टर बोटानं टिचकी मारून म्हणाले. "म्हणजे माल सगळा आतल्या कोठारात." हे ज्यांचं बाकी अंग बेतशीर आहे आणि एखाद्या ठिकाणची वळी तेवढी जात नाही, त्यांच्यासाठी आहे. अख्ख्या पोत्यासाठी नाही.

"म्हंजे वजन किती उतरते?" बबनरावांनी मुद्द्याचं विचारलं.

"वजनासाठी ते नाहीच. नळीनं आकार बदलतो. काटा फारसा हलत नाही. आणि नंतर पुन्हा खायला लागलात, तर चरबी दुसरी जागा शोधते." डॉक्टरांनी हात धुतले. "पण या सगळ्याच्या आधी स्वतःला एक विचारायचं, बबनराव. हे मी कोणासाठी करतोय?"

बबनराव खरं बोलणारे गृहस्थ होते. "इवायासाठी," ते म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. व्याह्यासाठी लोक काय काय देतात ते त्यांनी पाहिलं होतं, पण पोट देणारा त्यांच्याकडे आजच आला होता. शेवटी त्यांनी कमी जेवा आणि शेतात पायी जा, असा सल्ला दिला. असला सल्ला तर पंचफुला, म्हणजे बबनरावांची बायको, घरबसल्या देत होती आणि तोही रोज! बबनराव स्टँडवर आले आणि विचार करत करत त्यांनी आलुबोंडे खाल्ले.

तरीही त्यांनी कमी जेवण्याचा प्रयत्न केला नाही असं कोणी म्हणू नये. केला. पण आडवं आलं ते गाव. तुला झाली की सगळा गूळ गावात वाटला जाणार होता, आणि ही बातमी फुटल्यापासून रिठदचं बबनरावांवर जे प्रेम जडलं, ते याआधी निवडणुकीतसुद्धा कोणावर जडलं नव्हतं. ते पायी शेतात निघाले की वाटेवरचा प्रत्येक जण बैलगाडी थांबवून त्यांना वर ओढून घेई. ज्या घरासमोरून जात तिथून हाक येई. शेजारच्या भागिरथाबाईनं तर तुरीच्या डाळीचं वरण, त्यावर हातभर तुपाची धार, असं ताट रोज भिंतीवरून पोचतं केलं. "दादा, वायले कावून दिसून राह्यले तुमी?" असं विचारताना तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. वायले, म्हणजे वाळलेले! इतक्या वर्षांत बबनरावांना हा शब्द कोणी लावला नव्हता. माणसाला नाही म्हणवत नाही अशा वेळी.

हनुमान जयंती जवळ येत गेली आणि पोटही पुढे पुढे येत गेलं. लिला वाढायला आली की पोळी ताटात टाकण्याआधी क्षणभर थांबे. तो क्षण बबनरावांना लागे. पोळी लागत नसे, क्षण लागे.

आणि मग त्यांना तांड्यावरची हिरीबाई आठवली.

आपल्याकडे पोटात कळ उठली, कोणाची बेंबी सरकली, की डॉक्टरच्या आधी हिरीबाईला बोलावतात. ती माणसाला उताणा पाडते, बेंबीवर कणकेचा गोळा ठेवते, त्यात वात पेटवते आणि वरून गडवा, म्हणजे तांब्या, पालथा घालते. वात विझते आणि गडवा पोटाला असा धरतो की आतलं मांस वर चढतं. थोड्या वेळानं कडेला बोट दाबलं की हवा शिरते, गडवा सुटतो, बेंबी जागेवर. रिठदात असं पोट नव्हतं ज्यावर हिरीबाईचा गडवा बसला नव्हता. बबनरावांनी कपाळावर हात मारून घेतला. फ्रान्सचा डॉक्टर करतो काय? ओढतो. हिरीबाई करते काय? ओढते. मग नळी काय आणि गडवा काय!

त्यांनी ही गोष्ट गुरुजींना सांगितली. गुरुजी घाबरत म्हणाले, ओढते हे खरं, पण ओढलेली चरबी बाहेर कुठून येणार? बबनरावांकडे उत्तर तयार होतं. वातीच्या धगीनं पातळ होईल आणि घामातून जाईल. गुरुजी म्हणाले, तसं होत नसावं, पण आपला शरीरशास्त्राचा अभ्यास कमी आहे.

हिरीबाई हनुमान जयंतीच्या दिवशीच मोकळी झाली. पहाटे मारुतीचा जन्म झाला, सुंठवडा वाटला, आणि तुलेला अजून अवकाश होता तेवढ्यात बबनराव घरी येऊन माजघरात आडवे पडले. सगळी चरबी जाणार नाही हे त्यांना कळत होतं. पंजाबरावांच्या नजरेत भरेल एवढी जावी, एवढंच मागणं होतं. हिरीबाईनं पोटाभोवती एक फेरी मारली आणि आपला गडवा काढला. त्या पोटावर तो गडवा शेतात ठेवलेल्या वाटीसारखा दिसत होता.

"हे कायले?" बबनराव म्हणाले. "पोट केवढं, भांडं केवढं! मोठ्ठं भांडं आना."

"मोठं नोको लावू, बापू," हिरीबाई म्हणाली. "लय पोटं वढली म्या. मोठं भांडं आयकत नाई."

पण बबनरावांना घाई होती. पंचफुला पारावरच्या पूजेच्या तयारीत होती. घरात हाताशी एकच मोठं भांडं कोरडं होतं. लिलाला आंदण द्यायला घेतलेला नवाकोरा पितळी गुंड, पाणी भरायचा. त्यावर नावं घातलेली होती, लिलाचं आणि जावई शेषरावाचं, वर तारीख. बबनरावांनी हात लांब करून तो स्वतःच ओढला. हिरीबाईनं कणकेचा गोळा मोठा केला, वात जाड घेतली, ती पेटली, आणि गुंड पालथा पडला.

वात विझली. गुंड थरथरला. आणि मग बबनरावांच्या पोटानं, इतकी वर्षं बाहेर यायला जागा शोधत असल्यासारखं, आत उडी घेतली!

"आई गं," बबनराव म्हणाले. "वढते! लय वढते! फ्रान्स हाय हे, हिरीबाई, फ्रान्स!"

थोड्या वेळानं हिरीबाईनं कडेला बोट दाबायला घेतलं, तर कड सापडेना. पोटाच्या दोन वळ्या चहूबाजूंनी गुंडाच्या काठावर येऊन निवांत बसल्या होत्या. बोट दाबलं की वळी दबे, काठ खालीच. हिरीबाईनं तेल सोडलं. तेलानं वळ्या चमकायला लागल्या, एवढंच. बबनराव उठून बसले तर गुंडही उठून बसला. उभे राहिले तर तो समोर आडवा उभा राहिला. हिरीबाईनं दोन्ही हातांनी धरून ओढलं तेव्हा गुंडामागे बबनराव दारापर्यंत चालत गेले, आणि दारात समोरून पंचफुला आली.

पंचफुलानं आधी नवऱ्याकडे पाहिलं नाही. आधी तिनं गुंडावरची नावं वाचली.

तिच्या तोंडून जे निघालं ते हिरीबाईनंही कधी ऐकलं नव्हतं, आणि हिरीबाईनं आयुष्यात बरंच ऐकलं होतं. मग पंचफुलानं पदर खोचला आणि ओढलं. लिलानं मागून बापाला धरलं. गुंड हलला नाही. बाहेर पारावर डफडं वाजायला लागलं. म्हणजे तराजू टांगला होता आणि माणूस बोलवायला निघाला होता.

हिरीबाईनंच शालिग्राम कासाराला मागच्या दारानं आणलं. शालिग्रामनं गुंडाच्या बुडावर टकटक केलं, कान लावून ऐकलं, आणि पिशवीतून टोचणी काढली. "काईच नाई," तो म्हणाला. "बुडाले येक भोक. हवा शिरली का सुटला."

"भोक नाई," पंचफुला म्हणाली.

आंदणाचं भांडं, त्यावर जोडप्याचं नाव, त्यालाच भोक! मागून डाग देऊन बुजवलं तरी दिसणारच. दुसरा गुंड आणून त्यावर नावं घालून घ्यायची म्हटलं तर कोणी विचारेल, पहिल्याचं काय झालं? आणि किन्हीराजाच्या ओसरीवर बसून पंजाबराव तो उलटा करून पाहणार नाहीत, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

तेवढ्यात लिला पुढे आली. "बाबा, पाडू द्या भोक," ती म्हणाली. "मले नाई पायजे तो गुंड. मले तुमी पायजे."

शालिग्रामनं टोचणी टेकवली. हातोडी उचलली. बबनरावांनी लिलाकडे पाहिलं आणि त्यांना साक्षगंधाच्या दिवशीचं दार आठवलं. भोकाचा गुंड घेऊन आलेली पोरगी, हे ती जन्मभर ऐकणार. पोटावरून ऐकणं वेगळं. पोट बापाचं होतं, ते बापाबरोबर रिठदात राहणार होतं. गुंड मात्र तिच्याबरोबर जाणार होता. त्यांनी शालिग्रामचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "असाच जातो म्या."

डॉक्टरनं पट्टा सांगितलाच होता. पंचफुलानं जुनं लुगडं काढलं आणि गुंडासकट नवऱ्याला गुंडाळलं, वरून बंडी, त्यावर घोंगडी. चैत्राचं ऊन, आणि बबनराव घोंगडी पांघरून, दोन्ही हातांनी पुढचा भार सावरत, पाराकडे निघाले. लोक बाजूला सरकले. रिठदनं आयुष्यात असं पोट पाहिलं नव्हतं. भागिरथाबाईनं तर हात जोडले. आपल्या वरणाला इतकं यश येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पंजाबराव पाराच्या कडेला नवं उपरणं खांद्यावर टाकून उभे होते. त्यांनी सुरुवात केली वरून खाली पाहायला, पण या वेळी विसावा फार लांबला. "इवाई," ते हळूच म्हणाले, "पोट उतराचं ठरलं व्हतं का चढाचं?"

बबनरावांनी घोंगडी आवळून घेतली. ते जपून पारड्यात बसले. कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला आडत्याचा मोठा तराजू करकरला. दुसऱ्या पारड्यात भेल्या पडायला लागल्या. घरून आणलेल्या भेल्या संपल्या. दुकानातून आणलेल्या संपल्या. शेवटी दुकानदारानं गुऱ्हाळवाल्याकडून उधार आणून ठेवलेला गूळ काढला. बबनराव जमिनीवरच. गोजराबाईचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. देव किती भरभरून देतो हे ती कानांनी ऐकत होती. गाव मोजत होतं आणि प्रत्येक भेलीला आनंदानं सुस्कारत होतं. घोंगडीच्या आत मात्र बबनराव वितळत होते. घाम, तेल, पितळ आणि लुगडं यांचा एक काला झाला होता. घामातून चरबी जाते हे खरं असतं तर त्या दिवशी पारड्यात नुसतं धोतर उरलं असतं.

अखेर पारडी समोरासमोर आली. पुजाऱ्यानं कपाळाला शेंदूर लावला आणि सांगितलं की आता दोन्ही हात वर करून देवाचा जयजयकार करा, मोठ्यानं, बेंबीच्या देठापासून.

देवाचा जयजयकार कोण नाही म्हणेल? बबनरावांनी हात वर केले, छाती भरून घेतली आणि पोट आत ओढलं.

भप्प!

असा आवाज झाला की डफडंवाला थांबला. घोंगडीखालून, लुगड्यातून, बंडीतून वाट काढत गुंड पारड्यात आदळला, पारड्याच्या काठावरून जमिनीवर गेला आणि ठणठणत घरंगळत निघाला. बबनरावांचं पारडं वर उडालं. गुळाचं धाडकन खाली बसलं. आणि सगळ्या गावादेखत, पाहता पाहता, बबनरावांचं पोट निम्मं झालं!

गुंड जाऊन थांबला तो पंजाबरावांच्या पायाशी.

सगळ्या माना गुंडामागे वळल्या. मग कुणीतरी म्हणालं की आता जास्तीच्या भेल्या उतरवायला पाहिजेत. त्यावर गावानं अशा नजरेनं त्याच्याकडे पाहिलं की तो पुढचे काही दिवस पारावर फिरकला नाही. शेवटी गुळाशी ज्यांचं देणंघेणं नाही अशा एकमेव माणसाला, भिवाजी गुरुजींना, निवाडा विचारला गेला. गुरुजी म्हणाले की तोलाच्या वेळी पारड्यात जे काही होतं, ते धरायला हवं, असं आपल्याला वाटतं. आपण चुकत असू. पण तोवर वाटपाला सुरुवात झाली होती.

पंजाबराव खाली वाकले. त्यांनी गुंड उचलला, पुसला, फिरवला. लिलाचं नाव वाचलं. आपल्या मुलाचं वाचलं. तारीख वाचली. आत डोकावून पाहिलं, तिथं कणकेचा जळका गोळा होता. तो काढून त्यांनी कडुनिंबाखाली टाकला. मग त्यांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनराव वर लोंबकळत होते, पाय हवेत, बंडी उघडी, पोटावर पुरणपोळीएवढं लालबुंद गोल.

"आंदन पोचलं म्हना, इवाई," पंजाबराव म्हणाले. त्यांनी गुंड उपरण्यात गुंडाळला, काखेत मारला आणि बस पकडायला निघून गेले.

बस्स, एवढंच! पुढं काही नाही. बबनरावांना वाटलं, हळदीला बोलतील. बोलले नाहीत. वाटलं, लग्नात भर पंगतीत बोलतील. तिथंही नाही. मांडवात आंदणाची भांडी मांडली, त्यात गुंड नव्हता. बायका कुजबुजल्या तेव्हा पंजाबरावांनी फक्त सांगितलं की तो अगोदरच भेटला. बबनरावांना टोमणा सोसला असता, हे गप्प राहणं सोसेना. लग्नात त्यांनी लाडू खाल्ला नाही. काही दिवसांत त्यांचं पोट खरोखर थोडं उतरलं, पण ते बघायला कोणाला वेळ नव्हता. गूळ संपला होता, आणि भागिरथाबाईचं ताटही.

पंचमीला लेक आणायला बबनराव किन्हीराजाला गेले. लिलानं पाणी दिलं. ती हसत होती, आणि बापाच्या पोटाकडे पाहून नाही, बापाकडे पाहून हसत होती. कोणी काही बोलतं का गं, त्यांनी हळूच विचारलं. कोणी नाही, ती म्हणाली, मामंजी तर मुळीच नाही. गुंड कुठं आहे, विचारलं तर ती पदरात तोंड लपवून आत पळाली.

तेवढ्यात पंजाबरावांनी बबनरावांच्या दंडाला धरलं, गोठ्यामागे नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि बंडीची बटणं काढली. त्यांचं पोट पाठीला टेकलं होतं. त्यावर इथं तिथं गोल डागल्याच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. गोठ्याच्या खुंटीला उपरण्यात गुंड टांगलेला होता.

"चार मानसांत बसलो का कोनी गडी समजते मले," पंजाबराव खाली पाहत म्हणाले. "शेती हाय, दूधदुभतं हाय, तरी लोकाइले वाटते का घरात खायाले नाई. म्हटलं, थोडंसं पोट वर वढून घेऊ. नजरेत भरन येवढं. पन हे धरतच नाई, इवाई. घसरते." त्यांनी घसा खाकरला. "तुमी तं वाशीमच्या डॉक्टरले पुसून आले व्हते, लिला म्हंते. तं मले सांगा, हे कराच्या आंदी मानसाले काय काय मालूम पायजे?"

बबनरावांनी खुंटीवरून गुंड काढला, बुडाकडून एकदा नीट पाहिला आणि वाशीमच्या डॉक्टरांसारखा चेहरा करून म्हणाले, "येकच. भांडं जुनं घ्या, इवाई. भोक पाडता आलं पायजे."